सायलसला दिलेला शब्द

प्रिय लिडिया,

तुझं पत्र मिळालं. खाली तू तिगिस्त या तुझ्या जुन्या नावाने सही केली आहेस, मी ते लिडियाच वाचलं. त्या नावासाठी आम्ही घरातल्या सगळ्यांनी उपास धरून प्रार्थना केली होती. देवाकडून मागून घेतलेलं नाव असं जुन्या कपड्यासारखं काढून टाकता येत नाही, बाई. अक्षर मात्र सुधारलंय. ते कुणी शिकवलं, आठवतंय ना? याच टेबलावर, मीच.

तू अठरा वर्षांची झालीस, लिटल रॉकला एका वृद्धाश्रमात कपडे धुण्याच्या कामाला लागलीस, खोली घेतलीस, हे वाचून बरं वाटलं. खोलीत दोन खाटा टाकल्यास आणि दुसरी सायलससाठी आहे, हेही वाचलं. तुला तुझा भाऊ हवाय. निदान भेटू तरी द्या, म्हणतेस. त्याचं उत्तर देतेच, पण जरा दम धर. तुझी ती जुनी खोड, ताट वाढायच्या आधी हात पुढे. आधी घरचं ऐक.

आपल्याकडे दोन लेकी येतायत. कोलंबियाच्या, सख्ख्या बहिणी, एक तीन वर्षांची, एक पाच. ड्वेनने त्यांच्यासाठी दोन मजली पलंग ठोकलाय, आणि माझ्या नवऱ्याला तू ओळखतेसच, एरवी सांगून सांगून जीभ झिजते तेव्हा कुठे एक खिळा मारतो. मुलं विमानतळावर न्यायचे फलक रंगवतायत, ओसरीभर रंग सांडलाय. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या मंडळीने पॅनकेकची न्याहारी ठेवली होती, अख्खं खोरं लोटलं. पाळकांनी मला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले की प्रूइटांच्या घराला दार लावायला देव विसरलाय. मी रडले. दत्तक संस्थेच्या बाईंना मी पहिला प्रश्न काय विचारला, सांगू? यांना मोठं भावंड आहे का? नाही म्हणाल्या. एकदा दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, लेकरा.

तुम्ही दोघं आलात तेव्हाही असेच फलक होते. नॉक्सव्हिलच्या विमानतळावर निम्मी मंडळी गाणं म्हणत उभी होती आणि सगळ्यांच्या पुढे मी, हात पसरून. तू दहा वर्षांची, सुतळीसारखी बारीक, आणि कडेवर हा तीन वर्षांचा, तुझ्या मानेत तोंड खुपसून. मी त्याला घ्यायला गेले तर त्याने असा टाहो फोडला की लोकांचं गाणं थांबलं. त्या दिवसाच्या एकाही फोटोत त्याचं तोंड दिसत नाही. ज्या लेकराची मी दीड वर्ष वाट पाहिली, त्याच्या पाठीचेच फोटो माझ्याकडे आहेत. मला फार लागलं ते. आजही लागतं. तू मात्र मला कधी विचारलं नाहीस.

पहिल्याच जेवणाला मी चवळी शिजवली होती आणि मक्याचा पाव केला होता. तू पाव मोडलास, चवळीत बुडवलास आणि त्याच्या तोंडात घास दिलास. मग दुसरा घास घेऊन उठलीस आणि थेट ड्वेनच्या तोंडापाशी नेलास. तुमच्या इथिओपियात माणूस आपला वाटला की त्याला असं भरवतात, हे आम्हाला मागाहून कळलं. ड्वेनने खाल्ला, पोरं खिदळली. मग तिसरा घास घेऊन तू माझ्याकडे आलीस आणि मी म्हणाले, आधी हात धुऊन ये. तू हात धुतलेस, पण परत काही आली नाहीस. तेव्हापासून हे घर दोन तुकड्यांत वाटलं गेलं आणि बोल मात्र माझ्या एकटीच्या माथी आला.

जॉर्जियातल्या एक बाई आपल्या मंडळीत शिकवायला यायच्या, आठ दत्तक मुलं वाढवलेल्या, तुला त्या कधीच आवडल्या नाहीत. त्यांनी मला साधा नियम दिला. मुलाने आईला आई मानायला हवं असेल तर त्याला भरवायचं आईने, उचलायचं आईने, निजवायचं आईने, बाकीच्यांनी शिवायचंसुद्धा नाही. घरातल्या सगळ्यांनी नियम पाळला. सायलस माझ्यासमोर दातखीळ बसल्यासारखा तोंड मिटून बसायचा, आणि तू त्याला कोंबड्यांच्या खुराड्यामागे नेऊन खिशात लपवलेला पाव भरवायचीस. पकडलं तरी मान खाली नाही. म्हणालीस, "त्याला भूक लागली होती." जसं काही मी पोराला उपाशी मारत होते. म्हणून तुझं ताट ओसरीत गेलं. हिवाळ्यात ओसरीत थंडी असते, कबूल, पण अंगावर कोट होता ना. माझी थोरली, पोटची तबिथा, तिने स्वतःचं ताट उचललं आणि बाहेर तुझ्याशेजारी जाऊन बसली. आज ती नाताळलाही घरी येत नाही. तेही तुझ्यामुळेच, पण मी मनात काही ठेवत नाही.

तीन वर्षं हेच चाललं. माझ्या नाकी नऊ आले, केस गळायला लागले. घरात न रुळलेल्या मुलांच्या आयांचा एक गट असतो इंटरनेटवर, तिथे मी तुझा फोटो टाकला आणि आर्कान्सामधल्या त्या जोडप्याने तुला ठेवून घ्यायला होकार दिला. तुला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणून सांगितलं होतं, कारण खरं सांगितलं असतं तर सायलसला सोडून तू उंबरा ओलांडला नसतास. मेम्फिसच्या अलीकडे पेट्रोल पंपावर त्यांची गाडी उभी होती. आम्ही चौघांनी हात धरून प्रार्थना केली, कागदावर सह्या केल्या आणि तुझी पिशवी त्यांच्या गाडीत ठेवली. येताना ड्वेन इतक्या मैलांत एकच वाक्य बोलला. म्हणाला, "लोर्ना, तुला दोघांतला एकच हवा होता." संस्थेने भावंडांची ताटातूट करू दिली नसती हे खरं, म्हणून काय मी तुझ्यावर प्रेम करायला तयार नव्हते? तयार होते. तूच मला जागा दिली नाहीस. ते लोक वर्षभरात तुला सरकारी घरात टाकतील हे आम्हाला काय माहीत? आम्ही चांगलं घर बघूनच दिलं होतं.

सायलसला सांगितलं की लिडिया स्वतःहून गेली, तिला दुसरी माणसं जास्त आवडली. सहा वर्षांच्या पोराला याहून जास्त काय सांगणार? तो कितीतरी दिवस खिडकीत बसून होता. मग एक दिवस उठला, टेबलाशी आला आणि माझ्या हातचा घास घेतला. लिडिया, मी न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल धरून रडले, इतका आनंद झाला मला. पाच वर्षं त्याने मला मॉम म्हटलं. गुणी पोर. उपासनेत पुढच्या रांगेत गायचा, कोंबड्यांचं सगळं बघायचा, माझा पाय मुरगळला तेव्हा महिनाभर त्याने मला बादली उचलू दिली नाही. देवाशपथ सांगते, पोटच्यांनी इतकं केलं नाही.

आणि मग तुझं पत्र आलं. धाकट्या मायकाने पेटीतून टपाल आणलं आणि सगळे जेवायला बसलेले असताना पाकिटावरचं नाव-गाव मोठ्याने वाचलं. मी म्हणाले, चुकून आलं असेल. पण सायलसने चमचा खाली ठेवला होता. मला वाटत होतं ते नाव तो केव्हाच विसरला असेल. माझ्याकडे बघून म्हणाला, "ती स्वतःहून गेली होती ना? मग आता का लिहिते?" मी म्हणाले, जेव. तो जेवला नाही, आणि त्यानंतर त्याने मला मॉम म्हटलं नाही. त्याच आठवड्यात शेरीफच्या माणसाला तो हायवेवर सापडला, दप्तरात कोंबडीची उकडलेली अंडी घेऊन लिटल रॉकच्या दिशेने चाललेला. आता संस्थेच्या बाई घराची शेवटची पाहणी करायला येणार. पळून जाणारं मूल या घरात आहे असं त्यांच्या कानावर गेलं तर त्या दोन चिमण्यांनी काय करायचं? त्यांचा काय गुन्हा? तू गप्प राहिली असतीस तर तो आज इथेच माझ्या टेबलाशी बसून जेवत असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रागाने नाही म्हणत, खरं आहे म्हणून म्हणते.

तर आता तुझं उत्तर. सायलस इथे नाही. मंगळवारी गेला. माणसं चांगली आहेत, प्रभूला भिऊन राहणारी, पुष्कळ लांबची. कुठली ते सांगणार नाही, कारण सांगितलं की तू तिथेही पाकीट धाडशील. त्याचं नाव ते बदलणार आहेत, मीच तसं सुचवलं. निघताना तो दाराची चौकट धरून उभा राहिला. ड्वेन कोठारात जाऊन बसला होता, त्याचा काही उपयोग नाही. मीच गुडघे टेकून त्याच्यासमोर बसले आणि विचारलं, बाळा, काय केलं म्हणजे तू गाडीत बसशील? तो म्हणाला, "मी कुठे आहे ते तिला कळायला हवं." मी म्हणाले, "तू गेलास की मी तिला पत्र लिहीन. शब्द देते." मग त्याने चौकट सोडली. निमूट जाऊन बसला, पट्टाही आपणच लावला. या घरात दिलेला शब्द कुणी मोडत नाही, लिडिया, आणि सायलसला तर मी कधीच फसवलं नाही. म्हणून हे पत्र लिहिलं.

प्रभूमध्ये सदैव तुझीच,
मॉम