देतो, असं सांगितलं

३ जानेवारी १९९३. सकाळ.
मिल बंद होऊन सात महिने झाले. पुढच्या महिन्यात नक्की उघडणार, गेटवर सगळे म्हणतात. तोवर रोज पाचला उठायचं. टाइमकीपरची शिस्त सुटता कामा नये. बारा वर्षं, पाच मिनिटांच्या वर उशीर झाला की मी अर्धा दिवस कापला. सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलं नाही.
(आज उठलो पावणेआठला. थंडी फार.)

११ जानेवारी.
सरकारी ऑफिसातून एक बाबू चौकशीला आला. आमच्या घटस्फोटानंतर शोभनाला सरकारी पेन्शन मिळते, पण नवरा काही देत नसेल तरच. त्याने विचारलं, आप कुछ देते हो? शेजारीपाजारी कान लावून उभे. म्हटलं, हां भिया, पाचशे, हर महिने. इज्जतीचा प्रश्न होता. आणि मिल उघडली की देणारच आहे. म्हणजे खोटं नाही, अ‍ॅडव्हान्समध्ये खरं.

२ फेब्रुवारी.
शोभनाची पेन्शन बंद झाली. कस्तुरी सांगायला आली. पोरगी नववीत गेल्यापासून आईसारखी बोलते. म्हणाली, बाबा, ‘मी काही देत नाही’ एवढं कागदावर लिहून द्या, बस. बस! हे मी लिहायचं? विचार करतो म्हणालो. तिने पोह्यांना हात लावला नाही.

९ फेब्रुवारी.
कागद आणला. पेनात शाई नव्हती.

२० मार्च.
मिल नाही उघडली. कस्तुरीची गणिताची ट्यूशन सुटली म्हणे. वाईट वाटलं. खरंच वाटलं. उद्या लिहून देतो.

१४ मे.
शेजारच्या कमलवहिनी सांगत होत्या, शोभनाचं काम जोरात आहे. रेडिमेडवाल्यांचे शर्ट ती आधीही शिवायची, पण बेतानं. कमाई ठरलेल्या हद्दीपलीकडे गेली की पेन्शन कटते, म्हणून वीस तारखेलाच मशीन झाकून ठेवायची. आता झाकायचं कारणच उरलं नाही. हाताखाली दोन बायका आहेत. हे कोणामुळे झालं? माझं नाव कोणी घेणार नाही.

१ ऑगस्ट. रात्री.
अखेर लिहिलं. ‘मी, दिवाकर, घटस्फोटित पत्नीस काहीही देत नाही.’ एक ओळ, सहा महिने. स्वतः परदेशीपुऱ्यात शोभनाच्या घरी नेऊन दिलं. लाज वाटत होती. शोभनाने दोनदा वाचलं. म्हणाली, आता उपयोग नाही, कमाई हद्दीच्या वर गेली. तरी घडी करून ट्रंकेत ठेवलं. तुमच्या हातचं पहिलं खरं आहे, म्हणाली. मग म्हणाली, आता सहा बायका येतात, हजेरी ठेवायला माणूस हवाय, उद्यापासून या. आठ म्हणजे आठ. मी बजावून सांगितलं, मिल उघडेपर्यंतच हं.
गजर पाचचा लावलाय.

२ ऑगस्ट.
पोचलो आठ वाजून सहा मिनिटांनी. शोभनाने वही पुढे केली. म्हटलं, अगं, सहाच मिनिटं. कस्तुरी कोपऱ्यात ट्यूशनची गणितं सोडवत होती. वर न बघता म्हणाली, बाबा, सहा पाचपेक्षा जास्त असतात ना.
वहीत पहिलं नाव माझंच. दिवाकर, अर्धा दिवस. माझ्याच हाताने लिहिलं. अक्षर सुरेख आलं.