अनवाणी नळावर

पवनी, २० सप्टेंबर १९८३

तीर्थरूप बाबांच्या पायांशी रुखमाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सारे खुशाल, असं लिहावं लागते म्हणून लिहिलं. खरं म्हणजे सकाळ झाली की मले धास्ती वाटते. आंगणातल्या नळाच्या तोटीले हात लावला की कोपरापर्यंत झटका बसते. काल हातातली पाण्याची गुंडी सुटून पडली. आत्याबाई रोज त्याच तोटीले हात लावतात, त्यायले काहीच होत नाही. त्या म्हणतात, सुनेले पाणी भरायचा कंटाळा. मले पाचवा महिना लागल्यापासून बाहेरचं काही लागलं, असंही म्हणून राहिल्या. तुमच्या जावयांनी दुपारी वायरमन आणला. टेस्टरचा दिवा लागला नाही, तो हसून गेला. आता हे दसऱ्यानंतर मले माहेरी आंधळगावले पोहचवून देतो म्हणतात, कायमची.

बाबा, मी खोटं नाही बोलत. आईले सांगू नका, ती जेवणार नाही.

तुमच्याच भरवशावरची,
रुखमा

आंधळगाव, २६ सप्टेंबर

चि. सौ. रुखमास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि धानगिरणीचा पट्टा उतरवून बसलो. आईनं तोंड पाहूनच ओळखलं. बेटा, तू खोटी नाहीस. तुझ्या सासूच्या टाचांले भेगा, म्हणून त्या घरातही रबरी चप्पल घालतात. तू सासऱ्यापुढं चप्पल घालत नाहीस, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहतेस. रबरी चपलेतून करंट लागत नाही, ओल्या अनवाणी पायाले लागते, हे गिरणीच्या मोटरनं मलेही शिकवलं. झटका पाणी सुटलेलं असतानाच बसते काय? मग दुपारचा टेस्टर काय सांगणार? सकाळी जावई इश्वररावांले घरचा मेन स्विच पाडून टेस्टर लावायले सांग. तरी दिवा लागला, तर करंट बाहेरून पाइपातून येऊन राहिला. तोवर तू नळाले शिवू नको.

आणखी एक. नवरात्रात तुझ्या सासूबाई नऊ दिवस अनवाणी राहतात, आणि छातीच्या दुखणेकरी आहेत. त्यायले झटका बसला तर तुझं खरं ठरल, हे तुझ्या मनात येईल. येऊ दे. पण त्यायले नळावर जाऊ देऊ नको.

काळजीत असलेला,
बाबा

पवनी, २ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न.

ते मनात तुमच्या पत्राआधीच आलं होतं. लाज वाटली. हे बाजाराच्या मालासाठी बाहेरगावी गेले, घटाच्या दिवशीच येतील. आत्याबाई ऐकत नाहीत. नदीच्या पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून घटाचं पाणी नळाचंच घेईन म्हणतात. मी काय करू?

रुखमा

पवनी, ८ ऑक्टोबर

श्री. केशवराव व्याही यांस रंभाबाईचा नमस्कार. मी सांगून राहिली, इश्वर लिहून राहिला.

काल घट बसले. मी आंघोळ करून अनवाणी तांब्या घेऊन नळाकडे निघाली, तर रुखमा आडवी झाली. सोवळ्यात आहे, मले शिवू नको म्हणून मी ओरडली. ती म्हणाली, “आत्याबाई, मले माहेरी धाडा, पण तोटीले हात लावू नका.” मी तिले बाजूले सारलं. तिचा हात तोटीवर गेला आणि ती खाली बसली. धरायले गेली तर मलेही झणकन लागलं. देवा, माझ्यानं हे काय झालं!

घाबरू नका. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, बाळ हालते. इश्वर तेवढ्यातच आला होता. त्यानं मेन पाडला, तरी टेस्टर पेटला. पाइपाच्या मागं मागं जाता शेजारच्या सुलोचनाबाईच्या न्हाणीत घमेल्याखाली पाणी ओढायची टुल्लू मोटर निघाली, वायर सोललेली, पाइपाले टेकलेली. पाणी सुटलं की ती चालू करायची. तिच्याचजवळ बसून मी सुनेची गाऱ्हाणी सांगायची, आणि बाहेरचं लागलं हे तीच म्हणायची. मोटर आता काढून टाकली.

माझ्या रबरी चपला मी रुखमाच्या पायात घातल्या. सासऱ्यापुढंही घाल, असं सगळ्यांसमोर सांगितलं. तिले मोठ्या होतात, तरी काढत नाही. पोहचवून द्यायची गोष्ट आता या घरात निघणार नाही. ओटी भरायले तुम्हीच दोघं या.

राग असल तर येऊन मले बोला, पण लोभ तोडू नका.

रंभाबाई