चार हजारांच्या बाटलीतली वाइन

मी, इंद्रभान तातेराव शेजूळ, वय ७३, धंदा द्राक्षशेती, राहणार वडीगोद्री, ता. अंबड, जि. जालना, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि कसलीही नशा न करता हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जिभेचा दाखला कोणी देत नाही, आणि माझी सगळी अडचण तिथेच आहे.

१. राहते घर, बाग आणि बँकेतली ठेव माझी एकुलती एक मुलगी सत्यशीला हिची. घराला रंग कोणता द्यायचा ते तिने ठरवावे, जावईबापूंनी नाही.

२. छाटणीच्या कात्र्या आणि गोडी मोजायचे यंत्र बागेतला जुना गडी कल्याण याला द्यावे. यंत्र मी कधी वापरले नाही. मणी तोंडात टाकून द्राक्षे कधी तोडायची ते मी सांगायचो, आणि चार गावचे लोक ऐकायचे. त्यांनी यापुढे यंत्राचे ऐकावे.

३. विहिरीजवळचे दोन एकर धाकटा भाऊ शिवशंकर याला द्यावेत. कारण लिहिणे भाग आहे.

नऊ वर्षांपूर्वी त्याच्या द्राक्षांची पहिली वाइन तयार होऊन आली. बाटली तीनशे रुपयांची. त्याच आठवड्यात जावईबापूंनी मुंबईहून चार हजारांची बाटली आणली. पाहुण्यांसमोर माझ्या हातात दोन पेले दिले. मी चाखून म्हणालो, "ही चार हजाराची म्हंजे अमृत. अन् शिवा, तुझं हे नुसतं आंबूस पानी हाये." सगळे हसले. शिवशंकरने आठ दिवसांत सगळे वेल उपटले, मोसंबी लावली आणि माझ्याशी बोलणे टाकले.

गेल्या वर्षी माझी पत्नी जयवंताबाई जायच्या आधी म्हणाली, "जावयानं बूच काढून ठिवलेली बाटली फडताळ पुसताना माझ्या हातून सांडली व्हती. त्यायला कोन्या तोंडानं सांगू? मंग तिच्यात भावजींचीच भरून ठिवली. दोन्ही पेले भावजींचेच व्हते." जावयाचा मान राखायला बाई आठ वर्षे गप्प राहिली. तिच्यावर रागवावे की स्वतःवर, हे अजून ठरत नाही.

मी त्या दिवशी खोटे बोललो नव्हतो. मला एक खरेच गोड आणि दुसरी खरेच आंबूस लागली होती. नंतर सत्यशीलेकडून महाग-स्वस्त दोन्ही आणवल्या आणि कोणती कुठली ते न सांगता स्टीलच्या पेल्यांत चार वेळा ओतून घेतल्या. दोनदा ही बरी वाटली, दोनदा ती. महाग वाइन चांगली असते का, हे मला आता कळणार नाही. भावाचा मळा मी मोडला, एवढे कळते. त्याचे मला फार वाईट वाटते.

पुरवणी: हे वाचून दाखवायला आज शिवशंकरला बोलावले. दुसरा साक्षीदार अजून मिळाला नव्हता; मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याची साक्ष घेऊ नये, असे वकील म्हणाले. शिवशंकर दारातच उभा होता. म्हणाला, "वकीलसायेब, तिसरं कलम खोडा. मी साक्षीदार व्हतो."

मी विचारले, "शिवा, माफ केलंस का?"

"त्ये मला म्हाईत न्हाई, दादा. पण तू खोटं बोलला न्हाईस, यवढी साक्ष मी देतो. तव्हा तुझं तोंड मी पाह्यलं व्हतं."

कलम ३ रद्द. ते दोन एकर सत्यशीलेकडे जावेत. मात्र कलम वाचता येईल इतपतच खोडावे, ही माझी इच्छा.

ठिकाण: अंबड
दिनांक: १२ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार: इंद्रभान तातेराव शेजूळ (सही)

साक्षीदार:
१. रामप्रसाद गाडेकर, शेजारी (सही)
२. शिवशंकर तातेराव शेजूळ, भाऊ (सही)