मशीन राहू द्या

अहो,

कॉम्प्युटरमध्ये विंडोज टाकून राह्यली होती. दोन घंटे पडद्यावर "३९ मिनिटं बाकी" हेच होतं. सीडी पुसून पाह्यली, फरक नाई. रॅम सैल असंल म्हणून कॅबिनेट उचलून खाली ठेवलं. तुम्ही जड उचलू नको म्हणलं होतं, मी ऐकलं नाई, चुकलं माझं.

रॅम नीट बसवल्यावर काम सरकलं, पण तेव्हापासून माझं पोट दुखून राह्यलं. आठवाच महिना आहे. मले मागच्या बाळाच्या वेळचंच आठवून राह्यलं. शेजारच्या जमीलाबाईंनी ऑटो आणला, त्याईच्यासंगं चंद्रपूरले मोठ्या दवाखान्यात चालली.

मशीन राहू द्या. मिलमधून आले की जेवत बसू नका, तसेच या. बाळ अजून हलून राह्यलं.

मंदा