बनुबाईंचा हात आणि तुमची शिट्टी

पलूस, रविवार

तीर्थस्वरूप दाजी (सुभेदार, निवृत्त, मुक्काम लोणंद) यांना जोतीरामचा टाचा जुळवून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमची तब्येत विचारत नाही, कारण तुम्ही रोज पहाटे पाच किलोमीटर चालता हे साऱ्या लोणंदला ठाऊक आहे. आक्कालाही सोबत चालवता म्हणे. तिची तब्येत विचारली की पलीकडून तुम्हीच "एकदम फिट" म्हणता, तेव्हा तेही राहू दे. (आत्तापुरतं.)

आता मुख्य मजकूर. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'व्हय' म्हणतो, त्यात माझा विषय मागंच राहतो. तुम्हाला आठवतच असेल, द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मी सुपरवायझर झालो तेव्हा तुम्ही मला तुमची पितळी शिट्टी दिली होती आणि माणसं कशी हलवायची ते अंगणात दोन तास करून दाखवलं होतं. (शेजारची म्हैस त्या दिवशी दूध द्यायला तयार नव्हती.) त्याप्रमाणे मी कायदाच केला. एक शिट्टी म्हणजे गप्प, दोन म्हणजे भरभर हात चालवा, लांब शिट्टी म्हणजे चहा. साठ बायका कात्र्या घेऊन खराब मणी काढतायत आणि हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल, असं मी अभिमानानं सगळ्यांना सांगायचो. तरीही गेल्या हंगामात परदेशी गेलेल्या दोन कंटेनरांबद्दल बुरशीची तक्रार आली. आम्ही हवामानाला दोष दिला, जहाजाला दिला, बंदरावरच्या उन्हाला दिला. मालक इंद्रजितराव एवढंच म्हणाले की तिसरी तक्रार आली तर शटर खाली. म्हणजे साठ बायकांचं काम गेलं आणि एकसष्टावा मी.

अशा वेळी जानेवारीत कस्तुरी मॅडम नव्या मॅनेजर म्हणून आल्या. सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याची मुलगी, वय बत्तीस, आवाज इतका हळू की पहिल्या दिवशी मला वाटलं बाईंचा घसा बसलाय. मी हॉल कडक करून ठेवला होता. बाई आल्या, एक कात्री मागितली आणि सरळ बनुबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. (बनुबाई आमच्यातल्या सगळ्यात जुन्या. बोटं अशी चालतात की कात्री दिसतच नाही.) तिसऱ्याच घडाला बनुबाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "आवं बाई, चांगला मणी कापलासा की!" माझी शिट्टी ओठापर्यंत गेली होती. तर मॅडम म्हणतात कशा, "चुकलं माझं. परत दाखवा." दाजी, साठ कात्र्या थांबल्या. वर बसणाऱ्या माणसाच्या तोंडून हे शब्द त्या हॉलनं कधी ऐकलेच नव्हते. मीही नाही.

दुपारी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. बोलायला मुभा, आणि ज्या बाईला काही चुकीचं दिसेल तिनं हात वर करायचा, लगेच पेट्यांचा सरकता पट्टा बंद. मग माझ्याकडं वळून शिट्टी आठ दिवसांसाठी मागितली. मी दिली, पण ते आठ दिवस कसे काढले ते मलाच माहीत. हात सारखा खिशाकडं जायचा. एकदा मी नुसतं "जरा लवकर करता का?" म्हणालो, तर बनुबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला आणि घरून आणलेला आल्याचा काढा पाजला. त्यांना वाटलं मला ताप चढलाय. बोलू दिल्यावर काम बसणार असं मी खाजगीत भाकीत केलं होतं. पण त्या बोलत काय होत्या, तर कुठल्या बागेच्या क्रेटमध्ये मणी तडकलेत, कुणाचा देठ सुकलाय. मी दोन हंगाम हेच बंद करून ठेवलं होतं, आणि त्यालाच शिस्त म्हणत होतो.

आठव्या दिवशी दुबईचा कंटेनर भरायचा होता. नऊशे पेट्या त्याच सकाळी बंद करून तयार, गाडी पाचला येणार. आणि अकरा वाजता बनुबाईंचा हात वर. पट्टा थांबला. मी धावत गेलो. बुरशी येऊ नये म्हणून द्राक्षांवर औषधाचा कागद घालतात, तो त्यांनी मला उलटा करून दाखवला. खरखरीत बाजू खाली हवी, आम्ही गुळगुळीत बाजू खाली घालत होतो. 'हे कुणी सांगितलं?' हे माझ्या तोंडात आलं होतं, मी ते गिळलं. पण बनुबाईंनी उत्तर दिलंच. "तुमीच की वो. गेल्या साली मी सांगाय तोंड उघडलं, तवा तुमी शिट्टी फुकली."

कागदाच्या पाकिटावर चित्र होतं, दाजी. पाकिटं माझ्याच कपाटात होती.

मी मॅडमच्या तोंडाकडं बघत राहिलो. नोकरी गेली असंच धरून चाललो होतो. पण त्या बनुबाईंकडं वळल्या आणि विचारलं, "आता काय करायचं?" बनुबाई म्हणाल्या, "काय करायचं म्हंजे? उघडायच्या." नऊशे पेट्या! बायका पाळीपाळीनं जेवल्या, बायकांना घरी नेणाऱ्या वडापच्या जीपवाल्याला थांबायला सांगितलं, आणि सगळं बोलत बोलत. मीही खाली बसून कागद फिरवले. (माझ्या दोन पेट्या बनुबाईंनी नापास केल्या.) पावणेपाचला शेवटची पेटी बंद झाली. शिट्टी वाजवून मी एवढं काम एका दिवसात कधी करून घेतलं नव्हतं, हे मला मान्य करायलाच हवं. मग मीच मालकांना फोन लावला आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, फोन मॅडमना द्या. मॅडम त्यांना म्हणाल्या की स्वतःची चूक स्वतः सांगणारा सुपरवायझर मला हवाय. मी देठ बघायच्या निमित्तानं क्रेटमध्ये तोंड घातलं, कारण डोळे भरून आले होते.

परवा निरोप आला, माल स्वच्छ पोचला. शटर वरच आहे. मॅडमसारखा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, दाजी. फौजेत शिट्टीच बरोबर असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण द्राक्षांना ती चालत नाही, असा माझा अनुभव.

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना जे लागेल ते.

तुमचा आज्ञेतला मेहुणा,
जोतीराम

ता. क. – वरचं सगळं खरं आहे, पण ते लिहिलं धीर गोळा करण्यासाठी. आक्काचा उजवा गुडघा दिवाळीपासून सुजलाय. ती पायरीवर दोनदा पडली. तुम्ही "चल, पाय उचल" म्हणता म्हणून ती तुम्हाला सांगत नाही, आणि मीही इतके दिवस भ्यालो. तिला साताऱ्याला हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पहाटेचं चालणं उद्यापासून बंद.

ता. क. दुसरा – वरची ओळ हुकुमासारखी झाली, माफी असावी. पण खोडत नाही.

ता. क. तिसरा – मॅडमनी शिट्टी मला परत दिली, ती याच पाकिटात पाठवतोय. ती तुमच्याकडं ठेवू नका, आक्काला द्या. तिनं वाजवली की तुम्ही थांबायचं.