मागच्या टोपीवाल्याला दिलं!

प्रिय डेल्मरमामा,

उद्या मला गुरांच्या डॉक्टरकीची पदवी मिळणार, आणि आई मागे लागलीय, "मामाला चार ओळी लिही."

त्या सौंदर्यस्पर्धेत कॉलेजची शिष्यवृत्ती होती, म्हणून तर मी उंच टाचांवर चालायला शिकले. कलेच्या फेरीत मी गाणार होते. तू म्हणालास, "गाणाऱ्या ढीगभर असतात गं. तू आपला लिलाव पुकार, माझ्यासारखा." आई किंचाळली, "झगमगता झगा घालून वासरू विकायचं?"

"मग झगा काय वासराला घालायचा?"

स्टेजवर मी नसलेलं वासरू विकायला काढलं. एक वार, दोन वार... तेवढ्यात मागच्या रांगेत तू टोपी उचललीस. आपल्या गुरांच्या बाजारात टोपी उचलली की बोली लागली! मी सवयीने ओरडले, "तीन वार! मागच्या टोपीवाल्याला दिलं!" परीक्षक पोट धरधरून हसले. शिष्यवृत्ती मलाच मिळाली.

परतताना ट्रकमध्ये मी विचारलं, "मध्येच बोली कसली लावलीस?"

"बोली कुठली? टोपीने घाम पुसत होतो."

मामा, नेब्रास्कातला जानेवारी होता. हॉलचा हीटर बंद पडला होता आणि परीक्षक कोट घालून बसले होते.

तुझ्या त्या घामावर मी शिकले. हे पत्र मात्र टाकत नाही, वाचताना तुझ्या डोळ्यांना पुन्हा घाम फुटेल. उद्या माझं नाव पुकारलं की खुशाल टोपी उचल. सौदा तेव्हाच झालाय.

तुझंच वासरू,
जोलीन