बोटभर जागा

जलशुद्धीकरण केंद्र, वसाहत
सोमवार, १४ जुलै २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

इथल्या चौथ्या बाटलीचं झाकण लावता लावता लिहितेय. आमच्या ड्रायव्हरची, जॉनची, व्हॅन फाटकाशी हॉर्न देतेय. सोबतच्या डब्यात बर्फ आणि सहा रिकाम्या बाटल्या आहेत. उद्या सकाळी कळंबला स्वप्नाताईच्या नळावर भरून याच व्हॅनने परत पाठवा. आमचा नमुने घेणारा तापाने पडलाय आणि दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही.

धरणाच्या पाण्यात सध्या कुजलेला पाला फार. त्याला क्लोरीन लागलं की क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं तयार होतात. वर्षानुवर्षं ती पोटात जाणं बरं नाही. पाणी जितका वेळ पाइपात, तितकी ती वाढतात, म्हणून शेवटचं टोक, म्हणजे कळंब, हवं. आकडा मर्यादेबाहेर आला तर गाळ बसण्याआधीचा क्लोरीनचा पहिला डोस बंद करावा, असं माझं म्हणणं. केंद्राचे प्रमुख परेश साहेब म्हणतात, आधी आकडा दाखवा. शुक्रवारी अहवालावर मला सही करायची आहे.

फोनवर तुम्हाला माझं अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यावर तुम्ही भांडता, म्हणून पत्र. आईला म्हणावं केळफुलाची भाजी पोचली.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू द्या.
ज्ञानदा


निर्मळ
मंगळवार, १५ जुलै

चि. ज्ञानदास,
अ. आ.

बाटल्या पाठवतोय. तो पहिला डोस तुझ्या बापाने सुरू केला हे ठाऊक असून काम मलाच सांगितलंस. तुझ्या जन्माच्या वर्षी आपल्या आळीत घरटी एक माणूस काविळीने पडलं होतं. त्या पावसाळ्यात मी गाळाच्या टाकीआधीच क्लोरीन सोडायला लावलं. निवृत्त होईपर्यंत सोडलं. तेव्हा धरणात पाला नव्हता का? तुम्ही यंत्रात बघून घाबरता, आम्ही माणसं बघून घाबरायचो.

बाटल्या नेहमीसारख्याच भरल्या. नळ पाच मिनिटं सोडला, गळ्याशी बोटभर जागा ठेवली, झाकण घट्ट. स्वप्ना म्हणाली, इतकं जपून तर बाबा नातवालाही आंघोळ घालत नाहीत. तुझी आई विचारते, भाजी पोचली तर डबा कुठे आहे?

आकडा कळव. आशीर्वाद मागावे लागत नाहीत, आहेतच.
बाबा


वसाहत
शुक्रवार, १८ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सही केलेला अहवाल आज दुपारी मी परत मागून घेतला.

मुंबईच्या प्रयोगशाळेतून कळंबचा आकडा मर्यादेच्या निम्मा आला. साहेबांनी पेढे मागवले. मी सही केली. जागेवर येऊन पाहते तर कळंबचा आकडा इथल्यापेक्षाही कमी. टोकाला तो वाढायला हवा. तुमचं पत्र पुन्हा काढलं.

जंतूंच्या तपासणीला बोटभर जागा लागते, बाटली हलवायला. ही द्रव्यं मात्र पाण्यातून उडून त्याच जागेत जातात आणि आकडा खोटा पडतो. झाकणाला चिठ्ठी होती, पण अक्षर मुंगीएवढं. मीच पत्रात लिहायला हवं होतं. चूक माझी, असं साहेबांना लिहून दिलंय. ते म्हणाले, मॅडम, तुमचा करार ऑगस्टमध्ये संपतोय ना? एवढंच म्हणाले. नव्या अहवालाला बुधवारपर्यंत मुदत आहे.

नव्या बाटल्या पाठवतेय. काठावर पाणी फुगेपर्यंत भरा, झाकण लावा, उलटी करून टिचकी मारा. मोहरीएवढाही बुडबुडा नको. गाळल्यानंतरचं क्लोरीन मी कमी करणार नाही. काविळीला तेच अडवतं. पण आकडा वर आला तर तुमचा डोस बंद होईल. आमचा माणूस कामावर आलाय. तरी बाटल्या तुमच्याकडेच पाठवतेय.

रागवा, पण लोभ ठेवून.
ज्ञानदा


निर्मळ
शनिवार, १९ जुलै

चि. ज्ञानदास,
अ. आ.

चौदा वेळा भरून ओतल्या, तेव्हा सहा बिनबुडबुड्याच्या झाल्या. स्वप्ना बॅटरी धरून उभी होती आणि हसत होती.

चिठ्ठी मी वाचली होती. हवा राहू देऊ नये, असं लिहिलं होतं. अक्षर बारीक नव्हतं. जन्मभर बाटल्या भरल्या, आता पोरगी शिकवणार, असं मनात आलं आणि मी जागा ठेवली. जागेमुळे आकडा पडतो हे मात्र माहीत नव्हतं. एवढं खरं मान.

साहेबांना दिलेला तुझा कागद मागे घे. सोबतचा लाव: सूचना वाचूनही नमुने चुकीचे भरले, भरणारा जयवंत चुरी, निवृत्त ऑपरेटर. आईला सांगितलं. दुपारपासून ती बोललेली नाही.

पहिल्या डोसची झडप बंद करताना शेवटच्या दोन आट्यांत अडते. जोर लावू नको. जरा मागे घे, मग फिरव.

सुखी राहा.
बाबा


वसाहत
मंगळवार, २२ जुलै

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आकडा आला. मर्यादेच्या सव्वापट. साहेबांनी तुमचा कागद दोनदा वाचला आणि फाइलला लावला. पंधरा दिवस पहिला डोस बंद ठेवून बघा म्हणाले. लेखी दिलं नाही. माझ्या कराराबद्दल बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

आईशी तुम्हीच आधी बोला. लोभ दोघांचाही हवा.
ज्ञानदा

ता. क. बुधवार. आज सकाळी सहा वाजता पहिला डोस बंद केला. गाळलेल्या पाण्यातलं क्लोरीन दर तासाला मोजतेय. हे पाणी कळंबला उद्या दुपारी पोचेल.